नाचाची रेषा पडद्यावर कशी उमटवावी

चित्रकार मार्सेल द्युशाँ यांनी १९१२मध्ये जिना उतरणाऱ्या आकृतीचे सगळे टप्पे एकाच कॅनव्हासवर रंगवले. अ‍ॅनिमेशनपटकार नॉर्मन मॅकलारेन यांनी १९६८च्या ‘पा द दू’ या लघुपटात नाचाचा तोच तुकडा काही फ्रेमच्या अंतराने पुन्हा पुन्हा छापून हालचालीमागे पंख्यासारख्या आकृत्या उलगडल्या. आता हे काम एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, एकाच क्लिपच्या प्रती एकमेकींवर ठेवून होतं, पण जमणार की फसणार हे प्रकाशावरच ठरतं.

मागे काळं मखमल लावा. सॅटिनसारखं चकाकणारं कापड नको. नर्तकी त्यापासून निदान ३ मीटर पुढे हवी. दोनच दिवे घ्या, तिच्या डाव्या-उजव्या बाजूला आणि किंचित मागे. त्यांना काळ्या पुठ्ठ्याच्या झडपा लावा, नाहीतर उजेड थेट लेन्समध्ये शिरतो. समोरून दिवा अजिबात लावू नका. अंगाची फक्त कड उजळली तर प्रती एकमेकींवर चढूनही रेषा राहते. चेहरा-पोट उजळलं की सगळ्याचा पांढरा गोळा होतो. कपडे अंगासरशी आणि फिक्या रंगाचे असावेत, केस घट्ट बांधलेले.

कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा. ऑटोवर कॅमेरा अंधार पाहून एक्स्पोजर वाढवतो आणि काळं राखाडी होतं. ५० हर्ट्झ वीज असेल तर सेकंदाला ५० फ्रेम आणि १/१०० सेकंद शटर, ६० हर्ट्झला ६० आणि १/१२०. म्हणजे दिवे लुकलुकत नाहीत.

एडिटिंगमध्ये क्लिपच्या १० प्रती एकावर एक ठेवा, प्रत्येक आधीच्या प्रतीपेक्षा ५ फ्रेम उशिरा. ब्लेंड मोड (प्रती एकमेकींत मिसळण्याची पद्धत) ‘लाइटन’ घ्या, त्यात प्रत्येक ठिकाणी सगळ्यात उजळ प्रतच दिसते. ‘स्क्रीन’मध्ये जमिनीवरचा मंद उजेडही दर प्रतीगणिक वाढत जातो. संथ हातासाठी अंतर ८ फ्रेम करा, नाहीतर प्रती चिकटून नुसतं धूसर दिसतं. जलद गिरकीला २ पुरे, जास्त ठेवलंत तर आकृत्या विखुरतात.

नृत्यरचना याच हिशेबाने करा. आल्या वाटेने लगेच परतणं टाळा, रेषांचा गुंता होतो. आणि मधूनमधून २ सेकंद पूर्ण स्थिर थांबायला सांगा. सेकंदाला ५० फ्रेम असताना ५च्या अंतराने शेवटची प्रत ०.९ सेकंद मागे असते. नर्तकी थांबते, मागच्या आकृत्या एकेक करून येऊन तिच्यात मिसळतात, आणि उरलेला सेकंदभर पडद्यावर एकच देह उभा राहतो.