नाताळसाठी घरचे एगनॉग: म्हशीच्या दुधातले आणि शिजवलेल्या अंड्याचे

एगनॉग म्हणजे दूध, साखर, क्रीम आणि अंड्याचा पिवळा बलक यांचे दाटसर पेय. ते गार करून, वर जायफळ किसून पितात. इंग्लंडमध्ये गरम दुधात मद्य घालून पिण्याचा ‘पॉसेट’ नावाचा फार जुना प्रकार होता. त्याच कुळातले हे पेय अठराव्या शतकात अमेरिकेतील वसाहतींमध्ये रुजले. तिथे शेतावर दूध आणि अंडी घरचीच असत व कॅरिबियन बेटांवरची रम सहज मिळे, त्यामुळे थंडीच्या आणि पर्यायाने नाताळच्या दिवसांशी त्याचे नाते जुळले. आता आपल्याकडेही नाताळच्या सुमारास अनेक घरांत ते करून पाहण्याची हौस दिसते. ही हौस सोलापुरात उत्तम भागू शकते, कारण या पेयाचा जीव ज्या दुधात आहे ते दूध आपल्या जिल्ह्याइतके चांगले फार थोड्या ठिकाणी मिळते. मात्र त्यासाठी परदेशी कृती जशीच्या तशी उतरवून न घेता दोन ठिकाणी बदलावी लागते: क्रीम बरेच कमी करावे आणि अंडे कच्चे न ठेवता शिजवावे.

क्रीम कमी का करायचे, ते आधी पाहू. अमेरिकी कृतीतील दुधात स्निग्धांश सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि तिथल्या घट्ट क्रीममध्ये तो किमान 36 टक्के असतो. पातळ दुधाला दाटपणा यावा म्हणून तिथे दुधाच्या निम्मे क्रीम घालतात. आपल्याकडे पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या भागांत लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस आहे, आणि म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो. अशा दुधात पुन्हा निम्मे क्रीम ओतले तर पेय तुपकट होते, टाळूला चिकटते आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. म्हशीचे दूध असेल तर क्रीम केवळ शेवटी मऊपणा येण्यापुरते पुरते. पिशवीतले फुल क्रीम दूध सहा टक्क्यांचे असते, तेही चालते. गायीचेच दूध वापरायचे असेल तर क्रीम दुप्पट घ्यावे.

अंड्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. जुन्या पद्धतीत अंडी कच्चीच फेटून दुधात मिसळत असत. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात आणि त्यांच्यामुळे होणारे जुलाब, उलट्या व ताप लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना फार महागात पडतात. आपल्याकडे अंड्यांचे ट्रे दुकानाबाहेर उघड्यावर असतात, सोलापूरच्या डिसेंबरात दुपारचे तापमान 30 अंशांपर्यंत सहज जाते, आणि ते अंडे किती दिवसांचे आहे हे दुकानदारालाही नेमके सांगता येत नाही. अशा परिस्थितीत कच्च्या अंड्याचे एगनॉग घरच्या माणसांना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दूध आणि बलक यांचे मिश्रण 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की हा धोका टळतो, आणि चवही बिघडत नाही. उलट शिजल्यामुळे पेयाला जो रेशमी दाटपणा येतो तो कच्च्या अंड्याने कधीच येत नाही.

साधारण सहा ते सात लहान पेल्यांसाठी म्हशीचे दूध पाऊण लिटर, अंडी सहा, साखर 90 ग्रॅम, पिशवीत किंवा डब्यात मिळणारे ताजे क्रीम 100 मिलिलिटर, एक अख्खे जायफळ, एक लहान चमचा व्हॅनिला इसेन्स आणि चिमूटभर मीठ एवढे साहित्य लागते. अंड्यांचे केवळ पिवळे बलक घ्यायचे आहेत. गावरान अंडी वापरणार असाल तर ती आकाराने लहान असतात, त्यामुळे आठ घ्यावीत. त्यांच्या बलकाचा गडद रंग एगनॉगला फार सुंदर दिसतो. साखरेऐवजी गूळ घालण्याचा मोह काहींना होतो, परंतु गरम दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची भीती असते, म्हणून तो इथे टाळावा. साखरेचे प्रमाण वाचताना काहींना कमी वाटेल. पेय गार झाल्यावर गोडी थोडी कमी लागते हे धरूनच ते ठरवले आहे, तरीही बासुंदीच्या सवयीने मूठभर साखर वाढवू नये, कारण मग जायफळाचा वास दबतो.

खरेदीत लक्ष द्यायचे ते अंड्यांकडे आणि जायफळाकडे. घरी आणलेले अंडे पाण्याने भरलेल्या पातेल्यात सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडून राहते, थोडे जुने झालेले तळाशीच उभे राहते आणि जे वर तरंगते ते टाकून द्यावे. जायफळाची तयार पूड आणू नये. तिचा सुगंध दुकानातच निम्मा उडालेला असतो. सोलापुरातल्या मधला मारुती परिसरातील किराणा-मसाल्याच्या जुन्या दुकानांत अख्खे जायफळ सुटे मिळते. ते हातात घेऊन पाहावे: आकाराच्या मानाने जड लागले पाहिजे, त्यावर किडीचे बारीक भोक नसावे आणि नखाने थोडे खरवडल्यावर लगेच सुगंध यावा. आपण श्रीखंडासाठी किंवा पुरणासाठी जायफळ सहाणेवर उगाळतो, पण इथे ते बारीक किसणीवर ऐन वेळी किसावे. संपूर्ण मिश्रणाला पाव लहान चमचा पुरे. जायफळ मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर गरगरणे, मळमळ, धडधड असा त्रास होतो, म्हणून सुगंध आवडला तरी हात आवरता घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृती. अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडावीत, कारण गार बलक घट्ट असतो आणि पांढऱ्यापासून न फुटता सुटतो. कवच आधी धुऊन कोरडे करावे आणि प्रत्येक अंडे वेगळ्या वाटीत फोडून पाहावे, म्हणजे एखादे खराब निघाले तरी बाकीचे वाया जात नाहीत. सहाही बलक एका खोलगट भांड्यात घ्यावेत. साखर बलकांवर ओतली की त्याच क्षणी फेटायला घ्यावे; साखर तशीच पडू दिली तर ती बलकातले पाणी ओढून घेते आणि त्याचे कडक पिवळे कण बनतात, जे नंतर कितीही ढवळले तरी विरघळत नाहीत. तीन-चार मिनिटे फेटल्यावर मिश्रणाचा रंग फिकट होतो आणि चमचा उचलला की ते जाड धारेने खाली पडते. एवढे झाले की थांबावे.

सुटे दूध आणले असेल तर ते आधी एकदा नीट उकळून घ्यावे. उकळी आली की आच बंद करावी आणि दूध आटवत बसू नये. दूध आटवण्याची आपल्याला इतकी सवय आहे की हात आपोआप तिकडे वळतो, पण आटलेल्या दुधाला खव्याची चव येते आणि मग पेय एगनॉगऐवजी अंड्याची बासुंदी होऊन बसते. वर साय धरली तर ती काढून बाजूला ठेवावी, दुधात मोडू नये, कारण तिचे तुकडे शेवटपर्यंत तोंडात येतात. दूध हाताला चांगले चटका देईल इतके गरम, परंतु उकळत नसलेले असावे. त्यात मीठ आणि पाव चमचा किसलेल्या जायफळापैकी निम्मे घालावे.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे. बलक थेट गरम दुधात टाकले तर ते तिथल्या तिथे शिजून त्यांच्या दोऱ्या होतात. म्हणून उलट करावे: एका हाताने बलक फेटत राहावे आणि दुसऱ्या हाताने त्यात गरम दूध पळी-पळीने, बारीक धारेने सोडावे. तीन-चार पळ्या दूध गेले की बलक कोमट आणि पातळ होतो. मग ते सर्व मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात उरलेल्या दुधावर हळूहळू ओतावे. पातेले लहान शेगडीवर अगदी मंद आचेवर ठेवावे आणि लाकडी चमच्याने तळ व कडा खरवडल्यासारखे सतत ढवळावे. या आठ-दहा मिनिटांत फोन उचलू नये आणि दारही उघडायला जाऊ नये, दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे.

सुरुवातीला मिश्रणावर फेटल्याचा पांढुरका फेस दिसतो. हळूहळू तो विरतो, पृष्ठभाग नितळ होतो, वाफ वाढते आणि चमच्याला ढवळताना किंचित भार जाणवू लागतो. ही खूण आली की सावध व्हावे. चमचा बाहेर काढून त्याच्या पाठीवर बोट ओढावे: रेघेच्या दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या आणि मिश्रण रेघेत ओघळले नाही, तर एगनॉग शिजले. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर काम अधिक सोपे होते. 75 ते 78 अंशांच्या दरम्यान पातेले उतरवावे. 71 अंशांच्या खाली उतरवू नये आणि 82 च्या वर जाऊ देऊ नये, कारण त्यापुढे बलक आकसून कणीदार होतो. हे मिश्रण कधीही उकळायचे नसते. थोडी कणी दिसू लागलीच तर पातेले ताबडतोब उतरवून मिश्रण गार भांड्यात ओतावे, गाळावे आणि मिक्सरमधून एकदा फिरवावे. सुरुवातीची कणी अशी सावरते. मोठ्या गुठळ्या होऊन उकडलेल्या अंड्याचा वास येऊ लागला असेल, तर मात्र ते सावरत नाही.

पातेले उतरवल्याबरोबर त्यात गार क्रीम घालावे. त्यामुळे चव मऊ होतेच, शिवाय शिजण्याची क्रियाही थांबते. मग बारीक जाळीच्या गाळणीतून सगळे गाळून घ्यावे, व्हॅनिला घालावा आणि भांडे परातीत बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत गार करावे. हे परातीचे काम कंटाळवाणे वाटते, पण आपल्या हवेत ते टाळून चालत नाही. थंड देशांत पातेले खिडकीशी ठेवले तरी भागते. इथे ओट्यावर राहिलेले दूध-अंड्याचे मिश्रण तासन् तास कोमट राहते आणि जंतूंना तेच हवे असते. वाफ पूर्ण निवाल्यावर झाकण लावून ते फ्रीजमध्ये ठेवावे आणि किमान चार तास, शक्य असेल तर रात्रभर, मुरू द्यावे. 25 तारखेला पाहुणे येणार असतील तर 24 च्या सकाळीच करून ठेवणे उत्तम. दोन दिवसांत ते संपवावे. मधे वीज बराच वेळ गेली असेल आणि भांडे गार राहिले नसेल, तर मोह न ठेवता टाकून द्यावे.

वाढताना एगनॉग पुन्हा एकदा फेटावे, लहान पेल्यांत ओतावे आणि पाव चमच्याच्या मापातले उरलेले जायफळ वर किसावे. फार दाट वाटले तर थोडे उकळून गार केलेले दूध मिसळावे. नाताळला अनेक मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळी, चकल्या असा फराळ असतोच. त्यातील गोड पदार्थांबरोबर हे पेय जड होते, चकली किंवा खारे शेंगदाणे मात्र त्याला फार शोभतात. मधुमेह असलेल्यांना अर्धाच पेला द्यावा आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना अजिबात देऊ नये.

मूळ पेयात रम, ब्रँडी किंवा व्हिस्की घालण्याची रीत आहे, पण तिच्याशिवाय हे पेय अपुरे राहत नाही. घालायचीच असेल तर ती पूर्ण गार झालेल्या एगनॉगमध्ये, मोठ्या माणसांच्या पेल्यात वेगळी, पेल्याला 20 ते 30 मिलिलिटर एवढीच घालावी. महाराष्ट्रात त्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असणे आणि परवाना असणे आवश्यक आहे. मद्य घातले की कच्चे अंडे निर्धोक होते, असा एक समज आढळतो. त्यावर मुळीच विसंबू नये.

पंगतीत अंडे न खाणारे पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी वेगळे पातेले लावावे आणि त्यांना तसे आधी स्पष्ट सांगावे. पाऊण लिटर दुधात दीड मोठा चमचा कस्टर्ड पावडर थोड्या गार दुधात कालवून घालावी, साखर घालून दोन मिनिटे चांगले उकळावे आणि गार झाल्यावर तेच जायफळ व थोडे क्रीम मिसळावे. कस्टर्ड पावडरमध्ये अंडे नसते, मुख्यतः मक्याचे पीठ असते, आणि ते उकळल्याशिवाय शिजत नाही. म्हणून इथे वरच्या कृतीच्या अगदी उलट वागायचे आहे. बलकाची चव त्यात येत नाही, पण पेय चांगले होते.

उरलेले सहा पांढरे बलक झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. दोन अख्ख्या अंड्यांबरोबर ते घालून कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीची भुर्जी करावी. केवळ पांढऱ्याची भुर्जी कोरडी होते, म्हणून तीत तेल थोडे सढळ हाताने घालावे.