गोव्यात भाड्याचा फ्लॅट राहण्यालायक उरला नाही तर काय करायचं

सगळ्यात आधी एक सांगते, भाडं बंद करू नका. भिंतीला बुरशी आली, स्लॅब गळायला लागला की लोक चिडून पहिलं तेच करतात, आणि तिथेच सगळं उलटतं, कारण मग तक्रार तुमची राहत नाही, मालकाची होते, की ह्यांनी भाडं थकवलंय. आणि भाडं थकवणं हे भाडेकरूला बाहेर काढायचं सगळ्यात सोपं कारण आहे. बँकेतून किंवा यूपीआयने भरा, रोख देत असाल तर पावती घ्या, पण भरत राहा आणि बाजूने कागद तयार करा. गोव्यात ह्या भांडणात जो हरतो तो बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे हरतो, त्याचं म्हणणं खोटं असतं म्हणून नाही.

आता आधी बघा की नेमका त्रास काय आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे कपाटातल्या चामड्याच्या बॅगेवर पांढरा थर येणं हे गोव्यात कुठल्याही घरात होतं, त्यावरून मालकाला नोटीस पाठवून काही मिळणार नाही. पण भिंत आतून ओली असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, कोपऱ्यात काळी बुरशी पुसली तरी आठवड्यात परत येत असेल तर ते घराचं दुखणं आहे. ओळखायचा सोपा उपाय, अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोनी तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली ओल, खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ओल भिंतीतूनच येतेय, म्हणजे बाहेरचं प्लास्टर, वरच्याचं बाथरूम किंवा पाइप. फॉइल काढतानाचा व्हिडिओ करून ठेवा, पुढे हाच कामाला येतो. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून मारतो त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आधी जातात, त्या रोज बघा.

"घाबरू नका, गोव्यात ओल असतेच" असं म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर खास मार्गदर्शिका काढली, त्यात ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा, अॅलर्जी जास्त होते हे स्पष्ट मांडलंय. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर पावसाळा संपायची वाट बघू नका. डॉक्टरकडे गेलात की आपण होऊन सांगा की घरात बुरशी आहे आणि ते केसपेपरवर लिहायला सांगा. डॉक्टर कारण ठामपणे लिहितीलच असं नाही, पण तुम्ही त्या तारखेला हे सांगितलं होतं एवढी नोंद राहते.

तीन गोष्टींना मात्र अजिबात थांबायचं नाही. एक, स्विचबोर्ड ओला होणं किंवा नळाला हात लावला की झिणझिणी येणं, लगेच मेन बंद करा आणि वीजखात्याला १९१२ वर कळवा. दोन, स्लॅबचं काँक्रीट फुगणं, ठोकलं तर पोकळ आवाज येणं, गंजलेल्या सळ्या दिसणं, किनाऱ्याजवळच्या जुन्या बिल्डिंगांत खाऱ्या हवेने हे फार होतं, त्या खोलीत झोपू नका. तीन, सेप्टिक टँक भरून वाहणं आणि ते पाणी पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीच्या (संपच्या) आसपास जाणं, ह्यातून कावीळ, टायफॉइड पसरतो, पिण्याचं पाणी चांगलं दोनतीन मिनिटं खळखळून उकळा किंवा विकतचं आणा आणि त्याच दिवशी तक्रार करा.

आता कायद्याचं. तुमचा कागद काढून वाचा. आजकाल जवळजवळ सगळे अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करतात, म्हणजे कागदावर तुम्ही भाडेकरू नसून परवानगीने राहणारे असता. खरं लीज, म्हणजे भाडेपट्टा, असेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०८, त्यात मालकाने माहीत असलेला पण वरवर न दिसणारा मोठा दोष सांगायलाच हवा असं आहे, आणि जी दुरुस्ती मालकाने करायची ठरलीय ती कळवूनसुद्धा रास्त मुदतीत केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून तो खर्च व्याजासकट भाड्यातून वळता करता येतो. पण करारात वेगळं काही लिहिलेलं असेल तर ते आधी लागू होतं, म्हणून "सगळी दुरुस्ती भाडेकरूने करायची" अशी ओळ आहे का ते सही करतानाच बघायचं. लायसन्स असेल तर त्याच सालचा ईझमेंट्स अॅक्ट, त्याचं कलम ५७, तिथेही मालकाला माहीत असलेला आणि तुम्हाला माहीत नसलेला धोक्याचा दोष लपवता येत नाही. आणि कागदावर लायसन्स लिहिलं म्हणजे ते लायसन्सच असं नाही, सुप्रीम कोर्टाने १९५९ सालापासून सांगितलंय की नाव बघायचं नाही, खरा व्यवहार आणि ताबा कसा आहे ते बघायचं.

जुने, वर्षानुवर्षं राहणारे भाडेकरू असाल तर गोव्याचा १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे आणि त्याचं काम रेंट कंट्रोलरकडे चालतं, तिथे वकिलाशिवाय जाऊ नका. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत मुंडकार म्हणून, म्हणजे त्याच्या संमतीने घर करून, राहत असाल तर तुमचा कायदा पूर्ण वेगळा, १९७५ चा, त्याची ह्यात सरमिसळ करू नका. आणि इंटरनेटवर जो मॉडेल टेनन्सी अॅक्ट २०२१ सांगतात, दोन महिन्यांचंच डिपॉझिट वगैरे, तो केंद्राचा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय कुठल्याच राज्यात लागू होत नाही, मालकाशी भांडताना तो पुढे करून स्वतःची बाजू कच्ची करू नका.

मग पत्र. फोनवर "हो हो बघतो, पाऊस संपू दे, चवथ (गणपती) झाली की माणूस पाठवतो" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. फोन झाला की लगेच व्हॉट्सअॅपवर लिहा, आत्ता बोलल्याप्रमाणे असं असं, आणि दोनचार दिवसांत हालचाल नाही झाली तर कागदावर. इंग्रजीच पाहिजे असं काही नाही, साधं लिहा:

"मी तुमच्या अमुक फ्लॅटमध्ये अमुक तारखेपासून राहतो. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीतून आणि बाथरूमच्या स्लॅबमधून पाणी गळतं, भिंतीवर बुरशी आहे, स्विचबोर्ड ओला होतो. हे मी अमुक तारखेला फोनवर आणि अमुक तारखेला व्हॉट्सअॅपवर कळवलं आहे. घरात दम्याचा पेशंट आहे. पंधरा दिवसांत दुरुस्ती सुरू करावी, न केल्यास कायद्याने असलेले उपाय मला करावे लागतील. भाडं आजपर्यंत भरलेलं आहे. सोबत फोटो."

ह्यात राग नको, शिवी नको, धमकी तर नकोच. पेशंट खरोखर असेल तरच लिहा. स्पीड पोस्टने पाठवा, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय, पावती आणि पोचल्याचं ट्रॅकिंग जपून ठेवा. गळती वरच्या फ्लॅटची किंवा गच्चीची असेल तर एक प्रत सोसायटीला द्या आणि पोच घ्या, कारण मालक म्हणणार सोसायटी करत नाही आणि सोसायटी म्हणणार मालकाने कधी कळवलंच नाही. फोनमधले मूळ फोटो, व्हिडिओ डिलीट करू नका, फॉरवर्ड झालेली कॉपी कोर्टात लंगडी पडते.

गोव्यात अजून एक दार आहे जे लोक वापरतच नाहीत आणि मला ते सगळ्यात कामाचं वाटतं, ते म्हणजे तुमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे हेल्थ ऑफिसर. १९८५ च्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली आरोग्याला धोका असलेल्या जागेची पाहणी करून मालकाला नोटीस द्यायचा अधिकार आरोग्य खात्याकडे आहे. सेप्टिक वाहतंय, सांडपाणी उघड्यावर सोडलंय, टाकीत डासांच्या अळ्या आहेत, उंदीर झालेत, ह्या गोष्टी तिथे लेखी द्या. एक प्रत पंचायतीच्या सचिवाला, आणि म्हापसा, मडगाव, फोंडा असं शहर असेल तर नगरपालिकेला, पणजीत महापालिकेला. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पाहणी झाली की रिपोर्ट मागा, नाही दिला तर आरटीआय टाका. तुमच्या पन्नास फोटोंपेक्षा सरकारी माणसाच्या रिपोर्टची एक ओळ जड असते, मालक कोर्टात "हे खोटं बोलतात" असं सहज म्हणू शकत नाही. फक्त तुमच्या बेडरूममधल्या बुरशीसाठी हेल्थ ऑफिसर धावत येतील अशी अपेक्षा नको, पण सांडपाण्याला येतात. आणि त्रास आजूबाजूच्या सगळ्यांनाच असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसीचं) १३३ होतं, त्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी, अर्ज देता येतो. चार शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन जा.

तक्रार केली की काही मालक लाईट पाणी तोडतात किंवा तुम्ही कामाला गेलात की कुलूप बदलतात. हे बेकायदेशीर आहे, बाहेर काढायला मालकाला कोर्टाचा हुकूम लागतो. पोलिसात लेखी द्या आणि वकिलामार्फत कोर्टातून मनाईहुकूम मागा. जबरदस्तीने बाहेर काढलंच तर स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, ही मुदत चुकवू नका. तुम्ही तिथे राहता ह्याचे पुरावे आधीपासून एका फाइलीत असू द्या, पोलिसांकडच्या टेनंट व्हेरिफिकेशन फॉर्मची प्रत, गॅस बुकिंग, कुरिअर, सगळं. तो फॉर्म भरणं मालकाची जबाबदारी आहे, भरला नसेल तर मागे लागून भरून घ्या, तो तुमच्याच फायद्याचा आहे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, उत्तर आणि दक्षिण गोव्याचं वेगवेगळं आहे, बायकांना तर उत्पन्नाची अटही नाही. फोन १५१००.

स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून कापायचं असेल तर वर म्हटलं तसं लीज हवं, दुरुस्ती मालकाकडे असायला हवी, लेखी कळवून मुदत गेलेली हवी. दोन वेगळ्या प्लंबरची लेखी कोटेशनं घ्या, ती मालकाला पाठवा, मग काम करा आणि पक्कं बिल घ्या. बुरशीवर नुसता रंग मारून घेऊ नका, ओल तशीच राहते आणि दोन महिन्यांत रंग फुगतो. बुरशी ब्लीचने पुसताना त्यात अॅसिड किंवा व्हिनेगर मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणि घर खरंच राहण्यालायक नसेल तर सोडा, तब्येतीपेक्षा डिपॉझिट मोठं नाही. पण रातोरात नाही. करारात नोटीस पीरियड किती ते बघा, तेवढी लेखी नोटीस द्या, त्यात कारण लिहा आणि आधीच्या पत्रांच्या तारखा टाका. धोका इतका असेल की महिनाभर थांबणं शक्यच नाही तर तसंही लिहा आणि हेल्थ ऑफिसरचा किंवा इंजिनियरचा रिपोर्ट जोडा. जायच्या दिवशी रिकाम्या घराचा प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो, आणि चावी दिल्याची मालकाची सही. मालक चावी घ्यायला येत नसेल तर कुठे आणि केव्हा देणार ते मेसेज करून दोन साक्षीदारांसमोर पोचवा. डिपॉझिट कुठल्या खात्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत हवंय ते त्याच पत्रात लिहा, कापलं तर कशाबद्दल किती ते बिलासकट मागा.