घरातला दवाखान्याचा खर्च प्रकारवार कसा लिहावा

वर्षभरात दवाखान्यात किती गेले, असं विचारलं की माणूस ॲडमिट झाल्याचं बिल तेवढं सांगतो. बीपी-शुगरच्या गोळ्या, लॅबचे पैसे, जीपभाडं यांचा हिशेब कुणाकडेच नसतो. म्हणून नोंद डॉक्टरच्या नावाने नको, सेवेच्या प्रकाराने ठेवा. देशाचा आरोग्यखर्चही असाच मोजतात.

१. वहीत सहा रकाने आखा: ॲडमिट, ओपीडी, तपासण्या व रुग्णवाहिका, मेडिकलमधली औषधं (चष्माही इथेच), लसीकरण व गरोदरपणातल्या तपासण्या, वरखर्च.

२. कोणता पैसा कुठे टाकायचा, इथेच घोळ होतो. ॲडमिट असतानाची सलाईन, रक्ततपासणी, खाटेचं भाडं सगळं ॲडमिटमध्येच. इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं असलं तरी. डिस्चार्जनंतरच्या गोळ्या मात्र औषधांत. डायलिसिस करून त्याच दिवशी घरी आलात तर ॲडमिटमध्येच लिहा, पुढे ‘दि’ (दिवसापुरतं) अशी खूण करा. ओपीडीत तपासून डॉक्टरांनी बाहेर सोनोग्राफीला पाठवलं तर डॉक्टरांची फी ओपीडीत, सोनोग्राफी तपासण्यांत.

३. पैसे लागले नाहीत तरी फेरी लिहा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथल्या फेरीपुढे शून्य मांडा. संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं ‘स्वाराती’ (स्वामी रामानंद तीर्थ) ही सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तिथे पावती बघूनच आकडा घाला. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं तर योजनेने भरलेली रक्कम लाल शाईने, खिशातली निळ्या. दोन्हींची बेरीज एकत्र करू नका.

४. वरखर्च लिहायला लोक कंटाळतात. भूम-परांड्याहून बार्शीला नेलं तर एसटी, डबा, सोबतच्याचा मुक्काम हे सगळं यात. बुडालेली मजुरी समासात लिहा, ती खर्च नाही, पण विसरण्यासारखीही नाही.

५. ओपीडी आणि औषधं पंधरवड्याच्या आत लिहा. केंद्र सरकारचं घरोघरी जाऊन होणारं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणही किरकोळ दुखण्याखुपण्याबद्दल मागच्या १५ दिवसांचंच विचारतं, ॲडमिटबद्दल ३६५ दिवसांचं. कच्च्या चिठ्ठीवर मिळालेल्या औषधाचा आकडा तर त्याच संध्याकाळी.

६. वर्षाखेरीला प्रत्येक रकान्याखाली दोन आकडे काढा, फेऱ्या किती नि रुपये किती. औषधांचा रकाना सगळ्यात फुगलेला निघाला, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा.