रात्री सायकलचा मागचा लाइट दिसेना, त्यावर केलेला जुगाड

ऑफिस सुटल्यावर डेक्कनवरून कर्वे रोडने कोथरूडला येतो. मागचा लाइट सीटखाली होता पण पावसाळ्यात रेनकोट लोंबून तो पार झाकला जायचा, नळ स्टॉपला एक रिक्षावाले काका ओरडले "अहो लाइट कुठंय तुमचा!" तेव्हा कळलं. मग तो काढून कॅरिअरच्या मागच्या टोकाला झिप टायने आवळला आणि घोट्यांना रिफ्लेक्टिव पट्ट्या बांधल्या, पायडल मारताना त्या वरखाली होतात त्यामुळे मागच्याला लांबूनच कळतं की सायकलवाला आहे. पुढचा लाइट जरा खाली झुकवलाय, खड्डे दिसतात आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. उभ्या गाड्यांपासून मात्र दार उघडलं तरी लागणार नाही एवढं लांबूनच चालवतो, मागचे हॉर्न मारेनात का.