पेरणीआधी सोयाबीनची उगवण घरीच बघा
सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे, म्हणजे आपल्याच फुलातल्या परागानं दाणा धरतं, वाण बदलत नाही, त्यामुळं दरसाल नवी बॅग घ्यायची गरज नाही. घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. दुकानदाराला हे पटत नाही, न पटो. आमच्या औसा तालुक्यात मे सरता सरता बचत गटाच्या आम्ही बाया सगळ्या गल्लीचं बी तपासून घेतो.

पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी घ्या. टपोरे दाणे निवडायचे नाहीत, स्वतःलाच फसवाल. गोणपाट भिजवून पिळा, दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. थबथबलं तर बी कुजतं. सहा-सात दिवसांनी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा, नुसता फुगलेला दाणा धरू नका. ७० आले तर एकरी ३० किलो पुरे. ६० आले तर ३५ किलो धरा. त्याहून कमी असेल तर ते पोतं मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात घाला.

पोती आदळू नका, दाण्याचं साल फार नाजूक असतं. बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाला औषध चोळताना, आधी बुरशीनाशक, मग पेरताना रायझोबियम हे जिवाणू खत. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून तिफण काढू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊ द्या.