नफा दिसतोय, मग पगाराला पैसे का नाहीत?

बारावीपर्यंत मराठीतून कॉमर्स केलेल्या पोरांना बीकॉमला आल्यावर धसका बसतो तो इंग्रजीचा. मला तो अनाठायी वाटतो. किर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, हे महिन्याभरात अंगवळणी पडतं. खरी अडचण असते ती हिशेब कुणाच्या वहीतून बघायचा याची.

पासबुक घ्या. दहा हजार भरले की तिथं क्रेडिट दिसतं, आणि वर्गात सर सांगतात बँक खातं डेबिट करा. दोन्ही बरोबर. पासबुक ही बँकेच्या वहीतली नोंद. बँक तुमचं देणं लागते म्हणून तिच्याकडे ते क्रेडिट. तुमच्या वहीत तीच बँक ऋणको, म्हणून डेबिट. एवढं डोक्यात बसलं की निम्मं जर्नल सुटलं समजा.

कॉलेज करता करता मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे हिशेब बघायला लागलो. मार्चअखेर मालकांनी कागद बघून विचारलं, "नफा तर बक्कळ दिसतोय, मग पगाराला पैसं का न्हाईत रं?" या एका प्रश्नात पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम आहे. फेब्रुवारीत बिल फाडलं, ती विक्री याच वर्षाची धरली. पैसे येणार मे महिन्यात. तयार कास्टिंग शेडमध्ये पडून, त्यातही रक्कम अडकलेली. शिवाय चार लाखांचं लेथ मशीन उधार न ठेवता, चेकने पूर्ण पैसे देऊन घेतलं होतं. खिशातून चार लाख गेले, पण खर्चात घसारा, म्हणजे मशीनच्या वर्षभराच्या झिजेची रक्कम, तेवढा पडला. आयकराच्या 15 टक्के दराने पहिल्या वर्षी 60,000, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 3,40,000 वर 51,000.

हीच कोंडी मोठ्या आकारात बघायची तर साखर कारखाना. ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला बिल द्यायचं, असा नियम. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकायची. मधली पोकळी भरायला साखर तारण ठेवून कर्ज, त्यावर व्याज. खेळतं भांडवल म्हणजे काय, याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे समजून घ्या.

अर्थशास्त्राच्या पेपरातल्या मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या येतात हळूहळू, त्याचं टेन्शन नको. स्थिर आणि बदलता खर्च मात्र पक्का करा. समजा भाडं, पगार, हप्ते मिळून महिन्याला 60,000. एक नग 150 ला जातो, त्यावर कच्चा माल, वीज वगैरे 90. नगामागं 60 सुटतात, म्हणजे 1,000 नगांवर ना नफा ना तोटा. काम आहे 800 नगांचं, तोटा 12,000. आता कुणी 400 नग 120 ने मागतो. सरासरी काढणारा म्हणेल, 800 नगांवर नगाला 165 पडतात, परवडत नाही. पण मशीन रिकामंच असेल तर या ऑर्डरचा खरा खर्च 90 आहे. नगामागं 30 सुटून तोटा भरून निघतो. घ्यावी ऑर्डर.

फक्त 150 देणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला हा भाव कळला, तर तोही 120 च मागणार. आकडेमोड त्यापुढं काही सांगत नाही, मालकाला विचारावं लागतं.