गिटारच्या फ्रेटच्या खाचा हाताने कापताय? या चुका टाळा

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. त्यांची खाच चुकली तरी ती कापताना दिसत नाही. फ्रेट बसतात, घासून चकचकीत होतात, तारा चढतात आणि मग गावच्या भजनी मंडळाच्या पेटीसोबत वाजवायला बसलं की तिसऱ्या फ्रेटवरचा सूर चढा लागतो. तोवर फिंगरबोर्ड (ज्या लाकडी पट्टीत फ्रेट बसतात ती) गिटारच्या मानेला चिकटलेला असतो. म्हणून या कामातला अर्ध्याहून जास्त वेळ आखणीवर घालवावा. करवत फक्त आखलेल्या रेघेमागे जाते, आणि रेघच चुकली असेल तर कितीही महाग करवत उपयोगाची नाही.

हे काम हाताने उत्तम होतं. भारनियमनात वीज नसली तरी अडत नाही. लागतं ते एवढंच: ६०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी, खात्रीचा गुण्या, धारदार मार्किंग चाकू, पातळ करवत आणि मोटारसायकल मेकॅनिककडे टॅपेट लावायला असतो तो फिलर गेज. या गेजची पाती करवतीची खाच मोजायला फार कामाची आहेत.

अठराने भागणं

जुन्या कारागिरांचा हिशोब असा: नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ते सॅडल (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) अशी तारेची लांबी भागिले १८ केली की पहिला फ्रेट, उरलेल्या लांबीला पुन्हा १८ ने भागलं की दुसरा. सोपं आहे, पण बरोबर नाही. ६५० मिलिमीटरच्या स्केलवर (हिशोबात धरलेल्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात) असं बारा वेळा केलं तर बारावा फ्रेट ३२५ ऐवजी सुमारे ३२२.६ वर येतो. म्हणजे तो नटकडे जवळजवळ अडीच मिलिमीटर सरकतो आणि वरचा सा सुमारे साडेबारा सेंटने उतरतो. (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. सा ते कोमल रे यात असे शंभर.) खरा भाजक १७.८१७ आहे.

भाजक बरोबर घेतला तरी प्रत्येक पायरीवर उत्तर गोल करत गेलात तर चूक साचते. म्हणून प्रत्येक फ्रेटचं अंतर थेट नटपासून काढा. ६५० मिलिमीटरच्या स्केलसाठी पहिल्या बारा फ्रेटची नटपासूनची अंतरं मिलिमीटरमध्ये अशी: ३६.४८, ७०.९२, १०३.४२, १३४.०९, १६३.०५, १९०.३८, २१६.१८, २४०.५३, २६३.५१, २८५.२०, ३०५.६७, ३२५.००. पुढचे फ्रेट काढायला पुन्हा गणित नको. पहिल्या फ्रेटचं अंतर निम्मं करून ३२५ मध्ये मिळवलं की तेरावा, दुसऱ्याचं निम्मं मिळवलं की चौदावा. तेरावा ३४३.२४ वर येतो, एकोणिसावा ४३३.०९ वर.

स्केल वेगळा असेल तर याच आकड्यांना नव्या स्केलने गुणून ६५० ने भागा. बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारींचा स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४७.७ मिलिमीटर असतो. त्यावर बारावा फ्रेट ३२३.८५ वर.

एका फ्रेटपासून दुसरा मोजणं

सगळ्यात जास्त बोर्ड याच चुकीने वाया जातात. पट्टी उचलून दर वेळी मागच्या फ्रेटला लावली आणि दर वेळी पाव मिलिमीटर एकाच बाजूला गेलं, तर बाराव्या फ्रेटपर्यंत तीन मिलिमीटरची चूक साचते. पट्टी एकदाच ठेवा, शिकंज्याने दाबा आणि सगळ्या खुणा एका बैठकीत करा. पट्टीचं टोक बहुतेक झिजलेलं असतं, म्हणून नटच्या रेघेवर शून्य नको, १०० चा आकडा ठेवा आणि प्रत्येक अंतरात १०० मिळवा. टेलरची टेप इथे चालत नाही. बांधकामाची स्टील टेपही नको: तिचा पुढचा हुक मुद्दाम सैल ठेवलेला असतो, तो आतबाहेर सरकतो.

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? पहिल्या फ्रेटवर दीड सेंटही नाही. बाराव्यावर पावणेतीन, एकोणिसाव्यावर चार सेंट. म्हणजे वरच्या, जवळजवळ असलेल्या फ्रेटना जास्त जपायचं. नेमके तेच शेवटी, हात दमल्यावर कापले जातात. ते सकाळी ताज्या डोळ्याने आधी कापा.

तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून फ्रेटच्या जागांचा छापील नकाशा काढून बोर्डवर चिकटवत असाल तर छपाईत ‘फिट टू पेज’ बंद ठेवायला सांगा आणि कागदावरचं एक मोठं अंतर पट्टीने तपासा. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सगळा नकाशा एकाच प्रमाणात थोडा मोठा किंवा लहान छापला गेला तरी फ्रेटमधलं नातं बिघडत नाही. अशा वेळी नट ते बारावा फ्रेट मोजा, दुप्पट करा आणि तोच आपला खरा स्केल धरून सॅडलची जागा ठरवा. खरी अडचण दोन कागद जोडताना येते. जोड बाराव्या फ्रेटच्या पुढे घ्या आणि तो ओलांडणारं एक अंतर वेगळं मोजून बघा. पावसाळ्यात कागद दमटून फुगतो, म्हणून छापलेला कागद त्याच दिवशी वापरा.

पेन्सिलची रेघ

पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, खाचही जवळपास तेवढीच. मग रेघेच्या डाव्या कडेला कापायचं की उजव्या? चाकूने आखा. चाकूची सपाट बाजू गुण्याला टेकवा, आधी हलका आणि मग जरा दाबून एक हात मारा. करवतीचे दाते या चरीत आपोआप बसतात आणि कडेचे तंतूही आधीच तुटलेले असल्याने खाचेची कड उसवत नाही.

सगळ्या खाचा रेघेच्या एकाच बाजूला पडल्या तर घाबरू नका. नटची रेघही त्याच करवतीने, त्याच बाजूला कापा. नंतर बोर्डचं टोक त्या खाचेच्या मध्यापर्यंत घासा. सगळंच सारखं सरकलं म्हणजे सुरात फरक पडत नाही.

बोर्ड आधी निमुळता करणं

फिंगरबोर्ड नटकडे साधारण ४३ आणि दुसऱ्या टोकाला ५६ मिलिमीटर रुंद असतो. असा निमुळता बोर्ड करून मग कडेला गुण्या लावला तर खाच मध्यरेषेशी काटकोनात येत नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ पाऊण मिलिमीटर तिरपी जाते. काही खाचा डाव्या कडेवरून आणि काही उजव्या कडेवरून आखल्या तर त्या एकमेकींनाही समांतर राहत नाहीत, आणि त्याला मग इलाज नाही. बोर्डची लाकडी पट्टी पूर्ण रुंदीची, दोन्ही कडा समांतर रंधून ठेवा. मध्यरेषा आखा, खाचा कापा, आणि सगळ्यात शेवटी निमुळती करा.

गुण्याही तपासा. सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा फाकल्या तर गुण्या बाद.

करवत न मोजता वापरणं

फ्रेट वायरचं खाली लाकडात जाणारं पातं, ज्याला टँग म्हणतात, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि त्यावर बारीक उंचवटे असतात. पकड हे उंचवटे देतात. अशा टँगला ०.५५ ते ०.६० मिलिमीटरची खाच हवी. टाकाऊ तुकड्यावर, आणि तोही त्याच लाकडाच्या, एक खाच कापा. फिलर गेजचं ०.५५ चं पातं सहज गेलं आणि ०.६५ चं अडलं तर करवत बरोबर आहे.

हॅक्सॉचं साधं ब्लेड सुमारे ०.६३ मिलिमीटर जाड असतं, पण त्याचे दाते दोन्हीकडे वळलेले असल्याने खाच मिलिमीटरच्या आसपास पडते. त्यात फ्रेट उभाच राहत नाही. ब्लेड तेलाच्या दगडावर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी सारखंच घासा. चार-चार हात मारले की पुन्हा तुकड्यावर कापून मोजा. हातोडीने दाते ठोकून सपाट करायला जाऊ नका, कडक ब्लेड काचेसारखं तुटतं. एका बाजूने जास्त घासलं तर करवत दुसऱ्या बाजूला ओढते आणि खाच वाकडी जाते. असं ब्लेड ०.६५ च्या खाली येत नाही, म्हणून त्यासोबत जरा जाड टँगची वायर घ्यावी. एकच गिटार करायची असेल तर हे ब्लेड पुरेसं आहे. दुसरी करणार असाल तर पातळ पात्याची फ्रेट करवत मागवा.

ब्लेडच्या दोन्ही बाजूंना सागाच्या सरळ पट्ट्या स्क्रूने आवळा आणि खाली फक्त हवी तेवढी खोली उघडी ठेवा. यात ब्लेड लवत नाही आणि खोलीही आपोआप थांबते. दाते आपल्याकडे वळवून ओढून कापा. ढकललं की पातळ पातं वाकतं.

खाच अरुंद राहिली तर तिची अडचण उशिरा कळते. प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा बसतो आणि वीस-बावीस पाचरी मिळून बोर्डचा वरचा भाग ताणतात. मान मागे वाकते, मधले फ्रेट वर येतात आणि तारा तिथे खरखरतात. फ्रेट ठोकताना दर वेळी जास्त जोर लागत असेल तर तिथेच थांबा आणि खाच मोजा.

हाताच्या भरवशावर कापणं

रेघेशेजारी ३० मिलिमीटर उंच, काटकोनात रंधलेला शिसवी ठोकळा शिकंज्याने बांधा आणि करवत त्याला टेकवून चालवा. पलीकडच्या कडेला एक बारीक खाच पाडा, मग करवत हळूहळू आडवी करा. दाब देऊ नका, करवतीचं वजन पुरतं. शिसवाचा भुसा तेलकट असतो, खाचेत साचला की करवत वर उचलली जाते आणि खोली पुरी झाल्यासारखी वाटते. दहा-बारा हातांनंतर जुन्या टूथब्रशने साफ करा. करवतीला मेण लावायची सवय इथे सोडा. ते खाचेत राहतं आणि पुढे गोंद धरत नाही.

खोली फक्त मध्यभागी मोजणं

टँगच्या उंचीपेक्षा खाच ०.३ ते ०.५ मिलिमीटर जास्त खोल हवी. सपाट क्लासिकल बोर्डला एवढं पुरतं. पण बोर्डला गोलाई द्यायची असेल तर ती देताना कडांचं लाकूड जातं. ५० मिलिमीटर रुंद बोर्डवर १२ इंची त्रिज्येची गोलाई म्हणजे कडेला एक मिलिमीटर कमी. सव्वासात इंची म्हणजे १.७ मिलिमीटर. आधी दोन मिलिमीटर खाच कापून मग गोलाई दिली तर कडेला खाच पुरेशी उरत नाही आणि फ्रेटची टोकं वर राहतात. गोलाई दिल्यावर प्रत्येक खाच पुन्हा खोल करा, करवत गोलाईबरोबर झुलवत. नुसतं सरळ खोल कापत गेलात तर मध्ये विनाकारण पोकळी राहते, आणि सहा मिलिमीटर जाडीच्या बोर्डला ती परवडत नाही.

लाकूड आणि ऋतू

साग आपल्याकडे, विशेषतः आलापल्ली-बल्लारपूर पट्ट्यात, मुबलक आणि चांगला. मानेला तो वापरावा. फिंगरबोर्डसाठी शिसव बरा, कारण सागात सिलिका असल्याने बारीक दाते लवकर बोथट होतात आणि लाकूडही त्यामानाने मऊ. तेंदूचा काळा गाभा मिळाला तर उत्तम, पण त्यात बारीक चिरा असतात, उजेडात फिरवून बघा. जुन्या पलंगाची किंवा चौकटीची शिसवी पट्टी सर्वांत भरवशाची, कारण ती आधीच वाळलेली असते. आत खिळा आहे का ते लोहचुंबक फिरवून तपासा. नवीन घ्यायचं असेल तर आरामशीनवरून पावतीसह घ्या.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, त्यामुळे कापलेल्या खाचांमधली अंतरं टिकतात. रुंदीत मात्र हलतं. मार्च ते जूनमध्ये कूलरच्या झोतासमोर काम करू नका. बोर्डची एक बाजू दमट, दुसरी कोरडी राहते, पट्टी पन्हळीसारखी वाकते आणि खाचेची खोली मध्ये एक, कडेला दुसरी येते. पावसाळ्यात आणलेली पट्टी किमान एक उन्हाळा सावलीत वाळू द्या.

बिघाड आधीच झाला असेल तर

खाच सैल झाली आणि जागा बरोबर असेल तर टँग पकडीने जरा नागमोडी चेपा किंवा थोडं इपॉक्सी घालून फ्रेट दाबून ठेवा.

खाच चुकीच्या जागी असेल तर भुसा आणि फेविक्विक भरून शेजारी कापायचा मोह टाळा. नवी खाच जुनीला घासून जाते आणि करवत कमी विरोधाच्या बाजूला सरकते. त्याच लाकडाची पातळ चिपाटी, तंतूंची दिशा बोर्डसारखीच ठेवून, खाचेत चिकटवा. २४ तास वाळवा, सपाट करा आणि नव्याने चाकू मारून कापा. भुसा-फेविक्विक फक्त कडेच्या टवक्यांसाठी ठीक आहे.

तारा चढल्यावर सूर जुळत नसेल तर खाचांना दोष देण्याआधी मोबाईलच्या ट्यूनरवर एकेक फ्रेट तपासा. एकच फ्रेट चुकत असेल तर खाच चुकली. पहिले दोन-तीनच चढे लागत असतील तर बहुधा नट उंच आहे: तार जास्त दाबली जाते आणि ताणली जाते. सगळेच फ्रेट नटपासून दूर जावं तसे जास्त जास्त चढत गेले तर सॅडल पुढे आहे. स्टीलच्या तारांना तो स्केलपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे हवा असतो, ते अंतर फ्रेटमध्ये कापून भरून काढायचं नसतं. आणि एप्रिल-मे मध्ये फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली तर ती खाचेची चूक नाही. बोर्ड रुंदीत आकसला आहे, टोकं बारीक कानशीने घासून घ्या.